आईच्या नखावरची शाई

कणकेच्या गोळ्यात आईच्या डाव्या हाताचं बोट रुतायचं आणि वर येताना नखावरची ती जांभळी-काळी रेघ पुन्हा दिसायची... मतदान होऊन महिने लोटलेले असायचे, उन्हाळा सरलेला असायचा, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा गंधही घरातून ओसरलेला असायचा, तरी ती रेघ नखाबरोबर हळूहळू पुढे सरकत राहायची आणि पोळ्याच्या सुमारास टोकाशी पोचायची. बाकीची नखं आई ब्लेडनं कापायची. ते एक मात्र आपोआप तुटेपर्यंत जपायची.

जरीपटक्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांत या शाईचं एवढं अप्रूप का, हे मला उशिरा कळलं. त्यामागे आजी होती — बाबांची आई, जिला मी पाहिलंही नाही. पूर्वी मत असायचं ते जमीनवाल्यांना, कर भरणाऱ्यांना, शिकलेल्यांना. स्वातंत्र्यानंतर ते सगळ्यांना मिळालं, आमच्या वस्तीतल्या मजूर बायांनाही. पहिली यादी लिहायला कारकून दारात आला, तेव्हा आजीनं पदर पुढे ओढून आतूनच सांगितलं, "किसनाची माय." परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगायची रीतच नव्हती. अशा कितीतरी अमक्याच्या आया आणि तमक्याच्या बायका यादीतून वगळल्या गेल्या, त्यांत आजीही गेली. धुतलेलं लुगडं नेसून ती रांगेत उभी राहिली आणि कोऱ्या बोटानं घरी परतली. पुढची निवडणूक काही तिला दिसली नाही. बाबांनी हे आईला लग्नानंतर सांगितलं होतं.

म्हणून मतदानाच्या दिवशी आई एरवी फक्त दीक्षाभूमीला जाताना नेसायची ते पांढरं पातळ काढायची, मला हाताशी धरून शाळेच्या खोलीत जायची आणि खडूच्या नि घामाच्या त्या संमिश्र वासात खणखणीत सांगायची — "सुमन किसन मेश्राम." नवऱ्याचं नाव असं चारचौघांत घेतलेलं ऐकून रांगेतल्या बाया पदराआड हसायच्या, आणि मी मेली लाजून तिच्यामागे दडायची.

"आपलंच नाव सांगाले काहून लाजून राहिली वं?" परतताना ती म्हणायची. "सांगतलं नाही तं लिहीन कोण?"

बाबा गेल्यावर मी आईला शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसाला, माझ्या फ्लॅटमध्ये आणलं. जुन्या घराला कुलूप लागलं. "माह्यं नाव यादीत पाहून घेजो बरं," असं ती कितीदा म्हणाली असेल. मी हो हो करत राहिले. यादीत नाव घालायचा माझा फॉर्म मी वेळेवर भरला होता, तिचा पर्समध्येच चुरगळत राहिला. यादी तपासायला कुणी जुन्या घरी येऊन कुलूप पाहून गेलं असेल... मला आजही त्या हो-होची लाज वाटते.

गेल्या निवडणुकीला मी सकाळी बेसात मत दिलं आणि आईला तिच्या मतदानाच्या जुन्या शाळेत नेलं. पांढरं पातळ, हातात वॉकर. "सुमन किसन मेश्राम," ती म्हणाली आणि शाईसाठी बोट पुढे करून उभी राहिली. टेबलामागच्या मुलीनं यादीची पानं दोनदा चाळली आणि मान हलवली. आईचं बोट तसंच पुढे होतं. ते मीच खाली घेतलं.

ऑटोत ती मला रागावेल असं वाटलं होतं. तिनं माझ्या बोटावरची ताजी शाई पाहिली, बराच वेळ पाहिली.

"किसनाची माय अशीच आली असंन वं घरी," एवढंच म्हणाली.

पोळा यायच्या आत ती गेली. शेवटची आंघोळ घालताना तिच्या डाव्या हाताचं ते बोट मी ओल्या फडक्यानं पुसलं. नख कोरं होतं. माझ्या नखावरची रेघ तेव्हा अर्ध्यावर आली होती.