दगड धुऊ नका: बुऱ्हाणपूरची एक फेरी

लोक बुऱ्हाणपूरला किल्ला बघायला जातात. मी गेलो आण्णांच्या दगडासाठी.

आण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर जळगावात सलून चालवत होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. तेव्हापासून दर रविवारी त्यांची दाढी मी करतो. त्यांच्याच वस्तऱ्याने, कारण दुसरं काही ते गालाला लावू देत नाहीत. पण मी कितीही घासला तरी तो वस्तरा ओढायचा. आण्णा डाव्या मुठीत खुर्चीचा हात आवळून बसायचे, डोळ्यांत टचकन पाणी यायचं. दाढी कसली, शिक्षाच होती ती! धार लावायचा दगडच संपला, असं मी ठरवून टाकलं. आण्णांबरोबर एकाच उस्तादाकडे शिकलेले नामदेवकाका बुऱ्हाणपुरात आहेत. म्हटलं, तसलाच दुसरा मिळाला तर बघू, आणि दगड पिशवीत टाकून निघालो.

जळगावहून सकाळची गाडी धरा. भुसावळ मागे पडलं की हळूहळू केळीच्या बागा सुरू होतात, त्या संपतच नाहीत. बुऱ्हाणपूरचं स्टेशन लालबागेत, गावापासून लांब. बाहेर शेअर रिक्षा मिळतात. गावात शनवारा चौकात उतरून आधी गरम मावा जिलेबी खाल्ली. एकच प्लेट खाणार होतो, दोन झाल्या. खोटं कशाला बोलू!

काकांचं दुकान दोन खुर्च्यांचं. दगड हातात घेऊन त्यांनी आधी नाकाशी नेला.

"साबणाचा वास येतो रे याला!"

"धार लावताना चिखल होतो ना काका, मग मधे मधे नळाखाली साबणाने स्वच्छ धुतो."

काकांनी कपाळावर हात मारला. "अरे येड्या, चिखलच तर सगळं काम करतो! असली माल तू नालीत सोडला. आण्णा काही बोलला नाही का?"

"बोलता येत नाही त्यांना. मी नळ सोडला की हुं हुं करून हात आपटायचे. मला वाटलं, पाणी वाया जातं म्हणून चिडतात."

काकांनी दगड खाली ठेवला. "दोन साल तो तुला हेच सांगत होता, बेटा."

मला भर दुकानात रडू फुटलं. गिऱ्हाईक आरशातून बघत होतं, बघू दे.

काकांनी चहा मागवला आणि दोन दगड शेजारी मांडले. "हा तापीतला. याचा चिखल बोटाला लावून बघ, खरखर करतो. विळ्याला एक नंबर, पण वस्तऱ्याला लावशील तर बापाचा गाल सोलून निघेल." मग आण्णांच्या पिवळसर दगडावर थेंबभर पाणी टाकून त्याच जातीचा लहान तुकडा गोल गोल घासला. फिकट चिखल वर आला, अगदी गुळगुळीत. "याचा चिखल घासता घासता आणखी बारीक होतो. धुवायचा नाही. एक एक थेंब पाणी घालून पातळ करत जायचा, ताकासारखा, अगदी नुसतं पाणी राहीपर्यंत. घाई केली की गेलं." त्यांनी दहा वेळा माझ्याकडून करून घेतलं, नऊ वेळा शिव्या घातल्या.

नवा दगड विचारला तर म्हणाले, "कशाला पाहिजे? हा तुझ्या नातवालाही पुरेल." तो लहान तुकडा मात्र माझ्या खिशात घातला, वर आण्णांसाठी दराब्याचा, म्हणजे इथल्या रव्या-तुपाच्या मिठाईचा, डबा दिला. पैशांचं नाव काढलं तर ओरडले. काका, तुमचे उपकार मी या जन्मात विसरणार नाही.

रविवारी आण्णांच्या समोरच बसून चिखल काढला. थेंब थेंब पाणी घातलं. ते टक लावून बघत होते, हुं की चूं नाही. मग साबण लावला आणि वस्तरा फिरवायला घेतला. अर्धी दाढी झाल्यावर सहज खाली पाहिलं. खुर्चीच्या हातावरची मूठ सुटली होती. आण्णा घोरत होते.