हात हलवत दुकानात या!

आता कुठल्या तोंडानं सांगू! पण विचारलंतच, तर ऐका माझी फजिती.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान. दुपारी अण्णा, म्हणजे माझे वडील, गादीवर घोरणार आणि गिऱ्हाईक कंटाळून निघून जाणार. म्हणून दारात मी बसायचं. आणि मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे छोट्या चिपला प्रोग्रॅम लिहून कामाला लावायचा, क्लास नेमका दुपारी! मग पहिले धडे मोबाईलवरच गिरवले. बटण दाबलं की दिवा लागतो, एवढं जमलं आणि माझ्या अंगात वारंच शिरलं हो!

अण्णांना म्हणालो, "दारात सेन्सर लावतो. माणसाच्या अंगाची ऊब ओळखतो तो. कुणी आत आलं की बझर वाजणार, तुम्ही जागे होणार. मग मी क्लासला जाऊ?"

"वाजला तर जा की. न्हाय वाजला तर गुमान हितं बसायचं."

सकाळी गारव्यात चाचणी घेतली. काय वाजला म्हणता! पायरीवरचं कुत्रं पळालं.

मग भर दुपारी, मे महिन्यात, अण्णांना समोर बसवलं आणि ऐटीत आत आलो. बझर गप्प. पुन्हा आलो. गप्पच! प्रोग्रॅम तपासला, वायरी तपासल्या, शेवटी दारात हात हलवत नाचलो. तेवढ्यात टॉवेल घ्यायला एक मावशी आल्या.

"मावशी, जरा हात हलवत या ना!"

बिचाऱ्या आल्या तशा. रस्त्यावरच्यांना वाटलं, काहीतरी स्कीम आहे! बघता बघता रांग लागली आणि जो तो हात हलवायला लागला.

"काय मिळायलंय बे?"

"टॉवेल फुकट हाय म्हणं!"

आणि बझर? त्याचं मौनव्रत!

इतक्यात सरबतवाल्याचा माणूसही फुकटच्या टॉवेलासाठी आत घुसला, खांद्यावर बर्फाची लादी घेऊन. बझर असा कोकलला की अण्णा दचकले!

क्लासच्या सरांना फोन लावला. ते हसत सुटले. "अहो, प्रोग्रॅम बरोबर आहे. सेन्सरला माणूस आणि भिंत यांच्या गरमपणातला फरक कळतो. तुमच्या सोलापुरात आत्ता दोन्ही सारखेच तापलेत! बर्फ तेवढा त्याला वेगळा वाटला."

अण्णा गादीवर आडवे झाले. "म्हंजे मानूस सोडून बर्फ वळखतंय व्हय? बस हितं!"

तेव्हापासून दारात दुसरा सेन्सर बसतो. गिऱ्हाईक दिसलं की "अण्णा, उठा!" म्हणून बोंबलतो. कितीही ऊन असो, एकदाही चुकलेला नाही. वायर लागत नाही, प्रोग्रॅम लागत नाही. फक्त दुपारचा डबा लागतो, आणि तो माझी बायको भरून देते.