चुन्यावरची हळद

मे महिन्यातला दुसरा मंगळवार, सकाळचे आठ. औंधजवळचं एक गाव. हजर: मी, शहीद जवानाची आई, त्याची पत्नी आणि गावचा रंगारी.

कराडच्या प्रयोगशाळेत मी हळदीचा रंग मातीत पक्का करायचं काम करते. एका जातीच्या चिकणमातीचे कण म्हणजे एकावर एक रचलेले पातळ पापुद्रे. रंग त्यांच्यामध्ये शिरला की ऊन त्याला लवकर खात नाही. हे कुणाकडून तरी ऐकून जवानाच्या आई घरच्या रानातली हळद घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. पोराच्या स्मारकाचा पिवळा रंग दर उन्हाळ्यात उडायचा. "परत परत रंगवताना त्येला परत परत पोचवल्यावानी वाटतंय," म्हणाल्या. "एकदाच लावा. माझ्या माघारी टिकू दे."

माझी चाचण्यांची यादी पूर्ण होती. ऊन, उष्णता, पाणी: तिन्हींवर खूण.

शुक्रवारी पुण्यतिथी, म्हणून स्मारकाच्या भिंतीला सोमवारीच चुना दिलेला. रंगारी ब्रश बुडवत म्हणाला, "मॅडम, भिंतीला हळद लावताय, नवरदेव कुटं हाय?" आई हसल्या. सून हसली नाही, तेव्हा त्यानं जीभ चावली. तिनं भिंतीला बोट लावून पाहिलं. "चुना ओला हाय अजून. चालंल का वं?"

"चालेल," मी म्हणाले. "रंग मातीत पक्का बसलाय."

हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. घरी कुंकू करताना ताट मीच धरायचे.

डब्याला झाकण लावेपर्यंत भिंतीवर रंगाच्या कडांनी लाली धरली. दुपारपर्यंत नावाखालची सगळी भिंत तांबडीलाल.

"आवं, ह्ये रगात कुठनं आलं?" आईंनी मलाच विचारलं.

सून भिंतीला परत बोट लावून घरात गेली. रंग लागलेलं बोट तिनं पदरात दाबून धरलं होतं.

रंगारी खरवडायला पत्रा घेऊन आला, तर आईंनी त्याचा हात धरला. "नावाला लागंल. ऱ्हाऊ दे." पुण्यतिथी त्या भिंतीपुढेच झाली.

आता यादीत चौथी ओळ आहे: चुना. तीन वेळा चाचणी घेतली, तिन्ही वेळा लाल. आईंनी दिलेली हळद त्यातच संपली. त्या भिंतीवर हा रंग पिवळा राहणार नाही, हे गावी जाऊन त्यांना सांगायचं आहे. दर सोमवारी मी ते राहिलेलं काम नव्या पानावर उतरवून घेते.