जेवणाऱ्याचा फोटो काढायचा नाही

बबनभाऊ गेल्याच्या बातमीला मी ‘अप्रतिम! कुठे मिळाला?’ असं उत्तर पाठवलं.

झालं असं, की डिंभ्याच्या निसर्ग केंद्रावर पक्षी बघायला जाणाऱ्या आम्हा लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी उठल्याबरोबर तिथं कुणी तांबट टाकतं, कुणी हळद्या टाकतं, आणि ज्याला पक्ष्यातलं काही कळत नाही, म्हणजे मी, तो सगळ्यांना हे एकच उत्तर देऊन मोकळा होतो. त्या दिवशी चष्मा माझ्या दुकानात राहिला होता. फोटो आहे एवढं दिसलं, फोटोत काय आहे ते दिसलं नाही. फोटोत बबनभाऊ होते, गळ्यात कॅमेरा अडकवलेले, आणि खाली केंद्र सांभाळणाऱ्या मारुतीनं दोन ओळी लिहिल्या होत्या... पहाटे झोपेतच गेले म्हणून. थोड्या वेळानं मारुतीचाच फोन आला, “भाऊ, तेवढं पुसून टाका.” मी पुसलं. हे बबनभाऊंना सांगितलं असतं तर हसता हसता त्यांना ठसका लागला असता. अजूनही वाटतं, रविवारी गाडीत बसले की सांगू. मग लक्षात येतं, आणि उगाचच दमल्यासारखं होतं.

नारायणगावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आमच्या पिढीतली निम्मी लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यासमोर लागली, त्यात माझंही. पंगतीत घास भरवायची वेळ आली, नाव घेऊन झालं, मी जिलबी उचलली आणि माझे मामा ओरडले, “फोटोवाले, घ्या!” तर बबनभाऊंनी कॅमेरा खाली केला. “नवरी सकाळधरनं उपाशी हाय मामा. आदी चार घास पोटात जाऊ द्या तिच्या. जेवणाऱ्याचा फोटो मी काढत न्हाई.” मामा तणतणले, व्याही हसले. नंतर काढू म्हणाले, तोवर मी मठ्ठ्याची वाटी अंगावर सांडून घेतली होती. त्यामुळं आमच्या अल्बममध्ये घास भरवायचा फोटो नाही. आईनं ते दुःख शेवटपर्यंत जपलं. माझी बायको मंगल मात्र त्यावर कधीच काही बोलली नाही.

पुढं लग्नं बदलली. पुण्याहून ड्रोनवाली पोरं यायला लागली. “आता नवरा-नवरी म्हणत्यात, आमी द्राक्षाच्या बागेत पळतो, तुमी म्होरनं उलटं पळा. माजं गुडघं सुलटं पळंनात!” असं म्हणून भाऊंनी एक दिवस स्टुडिओचं शटर ओढलं आणि पाखरांकडे वळले. फाल्गुन-चैत्रात, पळस-पांगारा फुलला की दर रविवारी केंद्रावर ते फेरी काढायचे. येईल त्याला घेऊन धरणाच्या कडेकडेनं चालायचं, थांबायचं, बघायचं. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि मला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून ठिबकच्या सामानाचं दुकान बंद असलं की मी त्यांचा ड्रायव्हर. मंगल दोघांपुरती भाकरी आणि ठेचा बांधून द्यायची. भाऊंच्या बोलण्यातलं लग्न काही सुटलं नव्हतं. चकचकीत सूर्यपक्षी दिसला की “नवरदेव आलं बगा”, आणि कोतवाल दुसऱ्या पाखरांवर धावून गेला की “ह्यो मानपानावरनं रुसलेला मामा.” मी आपला मागून पाण्याची बाटली घेऊन, सुकलेल्या पानालाही पक्षी समजून दुर्बीण लावत.

त्यांचा लग्नातला नियमही तसाच राहिला होता. खंड्यानं पाण्यात सूर मारून मासा आणला, की भाऊ कॅमेरा खाली करायचे आणि बरोबरच्यांनाही करायला लावायचे. एकदा पुण्याचे एक पाहुणे, हातभर लांब लेन्सवाले, चांगलेच तापले. “अहो, हाच तर शॉट असतो! यासाठी तर आलोय मी.”

भाऊ शांतपणे म्हणाले, “पावणं, मगाशी तुमी पव्हं खात व्हता. तवा काढला आसता तुमचा फोटो, तर?”

पाहुण्यांच्या मिशीला तेव्हाही खोबरं लागलेलं होतं. सगळे हसले. पाहुणे पुन्हा आले नाहीत, पण आमच्यातल्या कुणाचा कॅमेरा त्यानंतर खाणाऱ्या पाखरावर उठला नाही.

मागच्या चैत्रातली शेवटची फेरी. भाऊ निम्म्या वाटेतच एका खडकावर बसले. बाकीचे पुढं गेले. मी भाकरी सोडली, तर त्यांनी अर्धी माझ्याकडे सरकवली. “आज जात न्हाई राव.” मग पाण्याकडे बघत म्हणाले, “पुढल्या साली फेरी तुमी घ्या.”

मी हसलो. “भाऊ, मला कावळा सोडून काही ओळखू येत नाही.”

“मंग कावळ्यापासनं सुरू करा. पण बंद पाडू नका.”

मी ‘बघू’ म्हणालो... आपण असंच म्हणतो.

ते गेले माघात. पळस फुलला तसा मारुतीचा फोन आला. “भाऊ, लोकं इचारत्यात. फेरी हाय का न्हाई? नसंल तर फळ्यावरचं पुसून टाकतो.” दिवसभर पाइप मोजून माझी कंबर धरली होती. आणि भाऊंशिवाय गाडी तिकडं वळवायला मन घेत नव्हतं. म्हटलं, एक रविवार जावं, सगळ्यांना हात जोडून सांगावं की आता हे थांबवू. मंगलला म्हणालो, “एवढी एकच, मग बंद.” तिनं शिदोरी हातात दिली.

दहा-बारा जण आले होते. हात जोडायचं मी परतताना करू म्हणून पुढं ढकललं. कावळ्यापासून सुरू केलं, खरंच. एका साळुंकीला मी आत्मविश्वासानं काहीतरी वेगळंच म्हणालो, लोकांनी मोठ्या मनानं ऐकून घेतलं. धरणाचं पाणी पार खाली गेलं होतं. बुडालेल्या झाडांचे बुंधे उघडे पडले होते, त्यातल्या एकावर खंड्या बसलेला. त्यानं सूर मारला आणि मासा घेऊन वर आला. मी तोंड उघडणार, तोच जुन्या मंडळींचे कॅमेरे आपोआप खाली आले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. खोडदहून पहिल्यांदाच आलेल्या एका बाईंचा कॅमेरा तेवढा डोळ्याला होता. त्यांनी गोंधळून विचारलं, “काय झालं? काढायचा नाही का?”

उत्तर मलाच द्यावं लागलं. “जेवतोय तो,” एवढंच म्हणालो. बाईंनी कॅमेरा खाली घेतला. खंड्यानं मासा दोनदा बुंध्यावर आपटला, गिळला, पंख झटकले. मग सगळ्यांनी फोटो काढले.

भाऊंच्या खडकावर बसून मी शिदोरी सोडली. मंगलनं सवयीनं दोघांपुरतं बांधलं होतं. माझं मी खाल्लं, उरलेलं पुन्हा फडक्यात बांधलं. हात जोडायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं फडकं सोडलं, तशीच राहिलेली भाकरी बघितली. मी म्हणालो, “तू सवयीनं जास्तीची दिलीस.”

“सवयीनं नाही, मोजून दिली होती,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी परत आणू नका. तिथं आलेलं कुणीतरी सकाळपासून उपाशी असतंच.”