न झालेली तिसरी फेरी

आशिया खंडात तिसरे आलेले आणि जन्मात कोणाकडून एक ठोसा न खाल्लेले गृहस्थ मी एकच पाहिले. ते सदाशिव पेठेत, आमच्याच सोसायटीत, माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर राहत. सगळी पेठ त्यांना ब्राँझकाका म्हणे. देह असा, की ते जिना उतरत असले तर आपण खालीच थांबायचं.

पदक हौशी मुष्टियुद्धाच्या आशियाई स्पर्धेचं होतं, अगदी खरं. त्याचा इतिहास काका न विचारताही सांगत. "स्पर्धा तेव्हा नवीनच. आशियातले निम्मे देश एकमेकांशी बोलत नव्हते आणि उरलेल्यांकडे विमानाच्या तिकिटाचे पैसे नव्हते. त्यात आमचा गट हेवीवेट. भात खाणाऱ्या खंडात एवढी जाड माणसं आणायची कुठून? गटात आम्ही चौघे. उपान्त्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही ब्राँझ. म्हणजे मी विमानातून उतरलो तेव्हाच पदक पक्कं झालं होतं." भारताच्या संघात ते शिरले तेही असेच. कचेरीच्या संघाला जाड माणूस हवा होता, राज्यात त्या वजनाचं दुसरं कोणी नव्हतं, आणि राष्ट्रीय स्पर्धेत समोरच्याला ऐन वेळी कांजिण्या आल्या.

उपान्त्य फेरीत त्यांची गाठ एका इराण्याशी होती. त्या दिवशी सकाळी काकांचे डोळे आले. डॉक्टरांनी रिंगणात उतरू दिलं नाही, इराणी न लढताच जिंकला, आणि काका काळा चष्मा लावून पदक घ्यायला उभे राहिले. पुढचा सगळा घोळ त्या फोटोने केला. बघणारा हमखास म्हणे, "ठोसा डोळ्यावर बसलेला दिसतोय." काका म्हणत, "बसला नाही. डोळे आले होते." लोक हसत आणि आपापसांत त्यांच्या विनयाचं कौतुक करत.

काकांचं जगाकडे एकच मागणं होतं. आपण लढलो नाही, हे कोणीतरी एकदा मान्य करावं. पण पुणं पडलं सत्कारांचं गाव. दर वर्षी कुठलं ना कुठलं मंडळ त्यांना धरून नेई, आणि ते माझ्या स्कूटरवर मागे बसत, मग पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरून आम्ही पुढे जात असू. माइक हाती आला की काका म्हणत, "मी एकही ठोसा मारलेला नाही, खाल्लेलाही नाही. नारळ परत हवा असेल तर घ्या." टाळ्या थांबत नसत.

एकदा वर्तमानपत्राने त्यांना 'झुंजार' म्हटलं. काकांनी लगेच पत्र पाठवलं, 'मी झुंजलेलो नाही, कृपया दुरुस्ती व्हावी.' ते पत्र 'एका विनम्र योद्ध्याचे मनोगत' अशा मथळ्याखाली छापून आलं. त्या दिवशी काका जेवले नाहीत. मला म्हणाले, "अरे, या गावात खोटं बोललं तर लोक पुरावा मागतात. खरं बोललं तर शाल देतात." मला हसू आलं, पण त्यांना ते खरंच लागलं होतं. फुकटची वस्तू घरात ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि हे पदक तर काकूंनी बैठकीच्या खोलीत दर्शनी भिंतीवर टांगलेलं.

मग एका रविवारी दुपारी, म्हणजे पेठेत कोणाची बेल वाजवू नये अशा वेळी, त्यांच्या दारात एक इराणी मुलगी उभी राहिली. इराणहून पुण्यात शिकायला येणाऱ्यांपैकी ती एक. तिचे वडील तिला भेटायला आले होते. पेपरात काकांच्या सत्काराचा फोटो दिसला आणि त्यांनी ओळखलं, उपान्त्य फेरीतला तो भारतीय हाच. उद्या भेटता येईल का, असं ती विचारायला आली होती. काका लगोलग खाली माझ्याकडे आले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "साक्षीदार आला," म्हणाले. "ज्याच्याशी लढलो नाही तोच सांगेल आता. तू चल, आणि नीट ऐक."

भेटीसाठी काकांनी कॅम्पातलं इराण्याचंच हॉटेल ठरवलं; पाहुण्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून. पाहुणे काठी टेकत आले. दोघे जाडे म्हातारे एकमेकांकडे नुसते बघत बसले आणि मुलगी इंग्रजीत बोलू लागली. अंतिम सामन्यात आपले वडील पहिल्याच मिनिटाला आडवे झाले, हे तिने हसत सांगितलं. "पण तुमच्याशी झालेली लढत मी लहानपणी रोज झोपताना ऐकायचे," ती काकांना म्हणाली. "तिसऱ्या फेरीपर्यंत तुम्ही पडतच नव्हता म्हणे. तुमच्याइतका चिवट माणूस बाबांना पुन्हा भेटला नाही."

मी पाहुण्यांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. काकांनी फक्त तोंड उघडायचा अवकाश होता.

काकांनी मुलीकडे पाहिलं, जबड्यावरून हात फिरवला आणि आपल्या कचेरीतल्या इंग्रजीत म्हणाले, "तिसऱ्या फेरीत तुझ्या वडिलांचा उजवा हात लागला. डोळा असा सुजला, की पदक घेताना काळा चष्मा लावावा लागला." पाहुण्यांनी टेबलावरून हात पुढे केला, काकांचा पंजा धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. बनमस्का तसाच राहिला.

परतताना मी विचारलं, "काका, हे काय केलंत?"

"मग काय करू? पोरगी समोर होती." पुढच्या सिग्नलला ते हळूच म्हणाले, "संपलं. आता माझं कोण ऐकणार?"

त्यानंतरच्या सत्कारांत त्यांनी खुलासा करायचं सोडून दिलं. नारळ घेऊन मुकाट्याने खाली बसत. टाळ्याही पूर्वीपेक्षा कमी पडू लागल्या.

काका गेले तेव्हा शोकसभेत मला बोलायला सांगितलं. आता तरी खरं सांगायचं, असं मी घरून ठरवून निघालो होतो. त्यांची आयुष्यभराची इच्छा तीच होती, आणि ती पुरी करणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. उभा राहिलो तर मागच्या रांगेत ती इराणी मुलगी दिसली. ती आता पुण्यातच नोकरी करत होती. वर्षभरापूर्वी तिचे वडीलही गेले होते.

मी घसा खाकरला आणि तिसऱ्या फेरीपासून सुरुवात केली.