खंडेनवमीचा ओला हार

मुंबईच्या प्रयोगशाळेत मी वितळलेल्या मिठांवर काम करायचे. अणुभट्टीच्या इंधनाचा धातू अशा मिठात विरघळवून शुद्ध करता येतो का, हे आम्ही पाहत होतो. रोजच्या कामाचं सार मात्र एकच: कोरडं ठेवणं. चिमटा, सळई, हातमोजे आधी वाळवायचे, मग यादीवर खूण. ओली वस्तू त्या मिठात बुडाली की पाण्याची क्षणात वाफ होते आणि मीठ उसळून बाहेर येतं. त्या पावसाळ्यात एका सहकाऱ्याची सळई वरून कोरडी दिसली होती. त्याचा एक डोळा गेला. घरी मी हे सांगितलं नव्हतं. मुलीची नोकरी रसायनांची आहे, एवढंच आबांना माहीत होतं.

दुष्काळ सरला त्या वर्षी दसऱ्याला मी नगरला आले. दादानं शहराबाहेर लोहारकामासाठी पत्र्याची शेड टाकली होती. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्याआधी कोयते हवेत, म्हणून खंडेनवमीलाही भट्टी चालू होती. भट्टीशेजारी लोखंडी टाकी. कोयते ठिसूळ राहू नयेत म्हणून दादा ते शेवटी वितळलेल्या सोऱ्यात ठेवायचा; सोरा हेही एक मीठच. सोरा वितळला तरी लाल होत नाही. वाफ नाही, बुडबुडा नाही. स्वच्छ, किंचित पिवळसर, विहिरीच्या पाण्यासारखा दिसतो.

पूजेसाठी आबा पारनेरहून आले होते. दादा नारळ आणायला गेला होता. मी दाराशी ताट तपासत होते: हळद, कुंकू, अक्षता, कापूर. हार दिसेना. वळून पाहिलं तर तो आबांच्या हातात. नुकताच बादलीतून काढलेला, झेंडूतून पाणी गळतंय, आणि आबा टाकीपाशी पोहोचलेले.

अशा वेळी ओरडायचं नाही, हे आम्हाला शिकवलेलं. दचकलेला माणूस हातातलं सोडतो. मी चालत गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आबा, हार माझ्याकडं द्या."

"का गं? तुला वाहायचाय व्हय?"

"आधी मागं या."

"भट्टीला हळदकुंकू वाह्यलं अन् पान्याला न्हाई? आपल्या गावचा लोहार आदी लोखंड विझवायच्या कुंडात फूल सोडतो."

"ते पाणी नाही, आबा. मीठ आहे."

आबा हसले. "मंग भाकरी बुडवून बघू का? मुंबईला जाऊन लई शिकली आमची पोरगी."

त्यांनी हार पुढे केला. एक थेंब सुटून टाकीत पडला. तेवढासा थेंब वरच्या वरच तडतडला, पण एक शिंतोडा उडून त्यांच्या मनगटावर बसला. आबा जागीच थबकले. मी हार ओढून घेतला, दोन्ही हातांनी पोटाशी दाबून धरला आणि त्यांना खांद्यानं रेटत मागे नेलं. साडीतून पाणी माझ्या अंगाला लागत होतं, तरी हार सोडायचा धीर होईना.

दारात दादा नारळ घेऊन उभा होता. "किती वेळा सांगितलं, आबा, तिकडं जायचं नाही."

"तू म्हनला गरम हाय. पानी बी गरम असतंच की."

पूजा अंगणात केली, थंड चिमट्यांची. आबांच्या मनगटावर फोड आला होता. त्याकडे बघत ते म्हणाले, "तू बी असल्यापाशीच असती तिथं?"

"हो."

"एवढंच तापतं?"

"जास्त."

"कुनाला काय झालं का कदी?"

मी ताट आवरायला उठले.

दुसऱ्या दिवशी सोनं द्यायची वेळ आली. वहिनीनं आपट्याची पानं धुऊन ठेवली होती. आबांनी माझ्या वाटची पानं धोतराच्या सोग्याला पुसली, उलटून पाहिली, पुन्हा पुसली. मग ती माझ्या हातावर ठेवली, आणि मीही नकळत बघितलं, कुठे ओल राहिली आहे का.