नव्या पॅडवर पडलेला थेंब

मंडळी, आज ठाकुर्लीच्या गॅरेजमध्ये पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ह्यांची बाइक आता लेक चालवते. पुढचा डिस्क ब्रेक अडकत होता. मेकॅनिक शिंदेंनी कॅलिपर उघडून पिस्टन साफ केले, रबरी सील बदलले, पॅड कंपनीचेच निवडले. बसवताना एका पॅडवर ब्रेक ऑइलचा थेंब पडला. त्यांनी नवी जोडी सरळ बाजूला टाकली.

"अहो, पुसून घ्या की!"

"काकू, ते आत मुरतं. ऐन वेळी ब्रेक लागायचा नाही. पोरगी चालवणार ना?"

दुसरी जोडी त्यांनी स्वतःच्या खर्चाने घातली. तेच पॅड पुसून बसवले असते, तर त्यात धोका आहे हे मला कधीच कळलं नसतं.

हे गेल्यापासून लेक निघाली की मी दारातून "सावकाश गं" म्हणतेच. आज संध्याकाळी ती निघाली, आणि मी म्हणायला विसरले.